हलक्या गिटारींच्या बाई

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मटण शिजवणार का तेही विचारलं नाही. भिंतीवरची एक गिटार काढून हातात दिली आणि म्हणाल्या, "धर. एका हातानं. हात सरळ समोर. गॅसवर दूध ठेवलंय, त्ये वर येईस्तोवर खाली सोडायची न्हाई."

मी धरली. दुसरं काय करणार? कोल्हापुरात खोली मिळवायची म्हणजे कसल्या कसल्या अटी असतात हे ऐकून होते, त्यातलीच ही एक असेल असं वाटलं. दुधावर साय धरली, साय फुगली, बाईंनी गॅस बंद केला, तरी माझा हात होता तिथेच.

"बगितलंस? ह्येला म्हणायचं गिटार," बाई म्हणाल्या. "बाकीची सगळी शिमिटाची पोती. कवा येतीस ऱ्हायला?"

मी आजऱ्याची. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून कोल्हापुरात आलेली. उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत बाईंचं घर होतं. खाली दुचाकींचं गॅरेज, वर बाई, आणि बाईंना लागून माझी खोली. बाई गणिताच्या शिक्षिका. मी गेले तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली, त्यामुळे सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. गणित समजावताना त्या पुस्तकी मराठी बोलायच्या आणि चिडल्या की अस्सल कोल्हापुरी. इथल्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तशा बाईही म्हणत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मला नसत्या चौकशा करायची खोड आहे, ती लपवून काय उपयोग!

"जमलं न्हाई," बाई म्हणाल्या. "तुजं जमलंय का?"

विषय मिटला.

पण गिटारींचा विषय मिटेना. गिटार म्हटलं की मला कॉलेजच्या गॅदरिंगमधली, पोटाला गोल भोक असलेली लाकडी गिटार तेवढी ठाऊक. बाईंच्या भिंतीवर टांगलेलं प्रकरण वेगळंच होतं. सगळ्या विजेवरच्या, सगळ्या बाईंच्या तरुणपणीच्या काळातल्या, आणि सरळ म्हणून एकही नाही. एक शंकरपाळ्यासारखी तिरकी. एकीला लाल चमचमणारं प्लॅस्टिक चिकटवलेलं, वरातीच्या घोड्यावर शोभावं तसं. ती म्हणे इटलीतल्या अॅकॉर्डियन बनवणाऱ्यांनी केलेली, म्हणून तिच्यावर तारा कमी आणि बटणंच जास्त. आणि बाईंची लाडकी होती फिरोजी रंगाची एक जपानी गिटार, एका कोपऱ्यात कुणीतरी चावा घेतलेल्या बिस्किटासारखी.

"बाई, ही आतून पोकळ आहे का?"

"पोकळच की. आणि वरनं लाकूड बी न्हाई. परीक्षेला पोरं क्लिप लावलेलं पॅड घेऊन येतात न्हवं? त्यो पुठ्ठा ह्यो."

मी टिचकी मारून पाहिली. खरंच, पॅडवर टिचकी मारल्यावर येतो तसाच आवाज. मला हसू आलं. जपानमध्ये कुणीतरी बसून, परीक्षेच्या पॅडचा पुठ्ठा घेऊन, त्याला फिरोजी रंग देऊन, ही सहा तारांची वस्तू केली असेल आणि ती फिरत फिरत उद्यमनगरात येऊन खिळ्याला लटकली असेल, याचं मला फार नवल वाटायचं. आजही वाटतं.

ती कशी आली, ते बाईंनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावाचा ऑर्केस्ट्रा होता. गिटार वाजवणारा माणूस ऐन जत्रेच्या हंगामात सोडून गेला आणि भावाने बहिणीला उभं केलं. तेव्हा स्टेजवर बायका असायच्या त्या एकतर गायला नाहीतर नाचायला. साडी नेसलेली, वेणी घातलेली मुलगी गिटार घेऊन उभी राहिली की लोक गाणं सोडून तिच्याकडेच बघायचे. ती पहिली गिटार भरीव लाकडाची, कुणा सुताराकडून करून घेतलेली. पट्टा खांद्यात रुतायचा. गडमुडशिंगीच्या जत्रेत वाजवता वाजवता बाईंनी स्टेजवरच गिटार गळ्यातून काढली, खुर्चीवर ठेवली आणि माईकवर सांगितलं, "मी वाजवायला आलोय, हमालीला न्हाई." लोकांनी शिट्ट्या मारल्या. भावाने घरी आल्यावर बोलणी ऐकवली. पण पुढे निपाणीचा एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्याचं सामान विकायला निघालं, त्यात ही फिरोजी मिळाली. बाईंनी ती उचलली आणि, त्यांच्याच शब्दांत, "आत काय हाय का न्हाई म्हणून हलवूनच बगितली."

मग हा नादच लागला. सांगली, मिरज, इचलकरंजी, जिथे कुठे ऑर्केस्ट्रा बंद पडला असं कानावर आलं तिथे बाई रविवारी हजर. चांगल्या, जड, नावाजलेल्या गिटारी लोक आधीच नेत. बाई घेऊन येत त्या उरलेल्या, वेड्यावाकड्या, हलक्या, कुणाला नको असलेल्या.

फिरोजीवर बटणांची एक ओळ होती. कुठलं बटण काय करतं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, किंवा लिहिलेलं पुसलं होतं. बाईंनी प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी चिकटवून नावं दिली होती. एक दाबलं की आवाज नाकातून यायचा, ते 'सर्दी'. एक दाबलं की भरदार, गोड व्हायचा, ते 'लगीनघर'. एकाने आवाज लांबून आल्यासारखा, ते 'पलीकडची गल्ली'. शेवटचं बटण दाबलं काय, न दाबलं काय, काहीच फरक पडत नसे. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'हेडमास्तर'.

गिटारीचा आवाज मोठा करायला बाई एक जुना रेडिओ वापरत. रेडिओ तापायला वेळ लागायचा, तोवर त्या चहा घेत. त्या रेडिओला हात लागला की झिणझिण्या यायच्या, म्हणून पायात कायम रबरी स्लिपर. कोल्हापूरच्या बाईने आयुष्यभर स्लिपर घालून हिंडावं याचं गल्लीला वाईट वाटे. खालच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीने एकदा चांगली करकर वाजणारी चामड्याची जोडी आणून दिली. बाईंनी ती तळहातावर तोलली, "पाय उचलायचा का चप्पल उचलायची?" म्हणाल्या आणि मला देऊन टाकली. अजून आहे माझ्याकडे.

घरातली भांडी पातळ अॅल्युमिनियमची, पिशवी कापडी, छत्री बिनदांड्यासारखी बारीक. जेवणात मात्र हलकं काही चालत नसे. रविवारी तांबड्या रश्श्याच्या वाटीला हिशेब नव्हता. "ह्ये आत जातंय," त्या म्हणत. "आतलं वजन आपलंच असतंय."

पुण्याहून त्यांचा भाचा यायचा. कॉम्प्युटरवाला, पण गिटारीचं वेड मावशीकडूनच घेतलेलं. एका दिवाळीत त्याने मावशीसाठी नवी कोरी, भरीव, काळीभोर गिटार आणली. फार नामी वस्तू होती, मलाही कळत होतं. बाईंनी दूध गॅसवर ठेवलं. "धर तूच." भाचा तालमीत जाणारा, दंड फुगलेले. दूध तळाशी कढत होतं तोवर तो ठीक होता. मग कोपर वाकलं, मग चेहरा वाकडा झाला, मग त्याने गिटार दुसऱ्या हाताने सावरली आणि म्हणाला, "मावशी, पण जड गिटारीचा स्वर जास्त टिकतो गं."

"टिकून काय करायचाय? पुढचा स्वर यायचा असतोय न्हवं?"

तोच भाचा पुढे मोबाइलवर दाखवू लागला की परदेशात आता अशाच हलक्या, जुन्या ढंगाच्या गिटारींची आवड पसरली आहे, नव्याने तसल्याच पुठ्ठ्याच्या बनवतात, मुद्दाम नाकात बोलणारा आवाज ठेवतात. बाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मुद्दाम वाकडं करून काय उपेग?" आणि भाच्याला अजून एक लाडू वाढला.

मी एकदा सरळच विचारलं, "बाई, सगळं चांगलं मिळत असताना हे असलंच का आवडतं तुम्हाला?"

बाई तारा पुसत होत्या. शेवटची तार पुसून झाली. मग म्हणाल्या, "चांगल्या गिटारीला सगळंच येतं गं. तितं मी कशाला? हिला थोडं येतं, मला थोडं येतं. दोघी मिळून निभावतो."

आता मिस्त्रीबद्दल सांगायला हवं. खालचं गॅरेज त्याचं. बाईंचा विद्यार्थी, गणितात कायम नापास, आणि बाईंवर जीव टाकणारा. बाईंची पाण्याची मोटर, गॅसची टाकी, रेडिओची वायर, सगळं तोच बघायचा. खंडेनवमीला त्याच्या गॅरेजची पूजा म्हणजे गल्लीतलं बघण्यासारखं काम. पाने, पकडी, हातोड्या, स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, नारळ फोडायचा. एकदा पुजलं की दसऱ्याला सकाळी पूजा हलवेपर्यंत कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही.

बाई देवधर्म करणाऱ्या नव्हत्या. पण दर खंडेनवमीला फिरोजी खाली नेऊन मिस्त्रीच्या पान्यांशेजारी ठेवत. "माजं दुसरं हत्यार काय? खडू पुजू?" गिटारीचा स्क्रू ड्रायव्हरही तिच्यासोबत पूजेत जाई. "वरसातनं एक दिवस हाताला सुट्टी असावी, देव असो नसो," असं त्यांचं म्हणणं. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी, गल्लीतले लोक आपट्याची पानं, म्हणजे सोनं द्यायला वर येत, तेव्हा बाई गॅलरीत बसून फिरोजी वाजवत. वर्षातून तेवढंच एकदा बाई लोकांसमोर वाजवायच्या. त्या संध्याकाळची त्या वर्षभर वाट बघत. तोंडाने कधी म्हणाल्या नाहीत, पण आठवडाभर आधीपासून रेडिओ तापायला लागायचा.

त्या वर्षी बाई सकाळी लवकर फिरोजी खाली ठेवून स्वयंपाकाला वर आल्या. पुरणपोळ्या झाल्या, नैवेद्याचं ताट घेऊन आम्ही दोघी उतरलो, तोवर मिस्त्रीचा नारळ फुटला होता. गॅरेज आरशासारखं लखलखत होतं. मोटारसायकली, ऐरण, हवेचा पंप, सगळं त्याने पंपाच्या पाण्याने, फेस करून धुऊन काढलं होतं. आणि मधोमध झेंडूच्या माळेत फिरोजी. इतकी फिरोजी मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"बगा बाई," मिस्त्री म्हणाला, "तुमची पन धुऊन काडली. किती वरसाची धूळ हुती वो! कशी चकाचक झाली!"

बाईंच्या हातातलं ताट मी घेतलं, कारण ते कलायला लागलं होतं. गिटारीला जिथे वायर जोडतात त्या भोकातून पाणी टिपटिप गळत होतं.

मिस्त्रीला आमच्या तोंडाकडे बघून कळलं. माणूस यंत्राचा, पाणी आत गेल्यावर काय होतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. गाड्या धुतो तशी ही धुतली, इतकंच त्याच्या डोक्यात होतं, आणि तेही मायेने.

"उघडा आधी," मी ओरडले. "आतलं पुसून काढा! आत तांब्याच्या तारा आहेत!"

उघडायची, पण कशाने? सगळे स्क्रू ड्रायव्हर हळदकुंकू लावून ओळीने मांडलेले. बाईंचाही त्यांतच. शेजारच्या इलेक्ट्रिशियनची पूजा झालेली, पलीकडच्या लेथवाल्याची झालेली, हार्डवेअरवाल्याने पूजा करून शटर ओढलेलं. त्या दिवशी सबंध उद्यमनगरात हात लावता येईल असा एक स्क्रू ड्रायव्हर नव्हता. मी नेलकटरचं टोक लावून बघितलं. स्क्रू चौफुलीच्या, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे, टोक नुसतं घसरायचं.

मिस्त्री पूजेपाशी गुडघ्यावर बसला. त्याने हात पुढे केला. हळदकुंकवाच्या वर येऊन हात अडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचं कारण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या वडिलांनी एका खंडेनवमीला, गिऱ्हाईक घाई करतंय म्हणून, पुजलेला पाना उचलला होता, आणि त्याच वर्षी मशीनमध्ये त्यांची बोटं गेली होती. मिस्त्री तेव्हा बाईंच्या वर्गात होता.

"ठेव," बाई म्हणाल्या. "हात लावू नगंस."

"बाई, गिटार जाईल की वो!"

"उद्या पूजा हलीवली की उघड. आता नैवेद्य दाखव, पोळ्या गार हुत्यात."

वर आल्यावर मी बाईंशी भांडले. तुम्ही कुठे काय मानता, एक दिवसात आत गंज चढेल, उद्या संध्याकाळी काय वाजवणार, असं सगळं बोलले. बाईंनी बोलू दिलं.

"मी न्हाई मानत," त्या म्हणाल्या. "त्यो मानतोय न्हवं? उद्या त्याच्या लेकीला ताप आला, गाडीचा टायर फुटला, तरी त्याला वाटणार, त्या दिवशी हत्यार उचललं म्हणून. जलमभर वाटणार. माज्या गिटारीपायी त्याच्या डोक्यावर एवढं ओझं कशाला ठेवू?"

मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. त्या दिवशी बाईंनी पोळीला हात लावला नाही. एरवी पुरणाची पोळी तुपात बुडवून खाणारी बाई! दर थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन खाली वाकायच्या आणि आत येऊन मला विचारायच्या, "अजून गळतंय का गं?" मी 'नाही' म्हणायचे. गळत होतं.

दसऱ्याला मिस्त्री आंघोळ करून, ओल्या केसांनी, उजाडायलाच पूजा हलवून बसला होता. बाई जिना उतरेपर्यंत त्याने गिटार उघडली होती. पुठ्ठा पुरीसारखा फुगलेला. तारांचा कंप पकडणारी दोन चुंबकं असतात आत, त्यांच्याभोवतीच्या तांब्याच्या तारेवर हिरवट डाग. मिस्त्रीने पुसलं, फुंकलं, बल्बखाली धरलं, बायकोचं केस वाळवायचं यंत्र आणून त्याची ऊब दिली. जेवायलाही उठला नाही.

संध्याकाळी लोक सोनं घेऊन वर आले. रेडिओ तापला. बाईंनी 'लगीनघर' दाबलं. 'पलीकडची गल्ली' दाबलं. काहीही दाबलं तरी आता 'सर्दी'चाच आवाज येत होता. दोनांतलं एक चुंबक मुकं झालं होतं, आणि नेमकं गोड बोलणारं. बाई थांबल्या नाहीत. जुनी भावगीतं वाजवली, नाटकातली पदं वाजवली, सगळी त्या नाकातल्या आवाजात. लोकांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या. मिस्त्री दाराशीच उभा होता, आत आला नव्हता.

"बाई, आवाज नीट हाय न्हवं?"

"आदीपेक्षा बरा हाय की," बाई म्हणाल्या. "जरा मोकळा झालाय. ये आत, सोनं दे."

पुढच्या आठवड्यात आम्ही रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला वर बोलावलं. त्याने गिटार पाहिली, मान हलवली. तार आत कुजली आहे, तसली आता मिळत नाही, म्हणाला. "भिजली त्याच दिशी उघडली असती तर दोन्ही जगली असती वो बाई." बाईंनी त्याला चहा दिला आणि जिन्यापर्यंत पोचवायला गेल्या. "ह्ये खाली बोलायचं न्हाई," असं त्याला बजावल्याचं मला आतून ऐकू आलं.

मग दार लावून बाई मोठ्याने रडल्या. हुंदके गिळत वगैरे नाही. कोल्हापूरची बाई रडते तशा, पदर तोंडाला न लावता. फिरोजी मांडीवर आडवी. मी जवळ बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी तोंड धुतलं, गिटारीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून नखाने काढल्या आणि म्हणाल्या, "तुला बी सांगतो. मिस्त्रीजवळ एक शबुद बोलायचा न्हाई."

मी बोलले नाही. बाई तर नाहीच नाही. तो म्हातारा कारागीर पुन्हा त्या गल्लीत आल्याचं मला आठवत नाही. मिस्त्रीही वर्षभर मोटर, टाकी, वायर सगळं बघत राहिला, गिटारीचं नाव न काढता.

पुढच्या खंडेनवमीला बाई फिरोजी घेऊन खाली निघाल्या तेव्हा मला धडकी भरली. पण मिस्त्रीने तिला दोन्ही हातांनी घेतलं, कोरड्या फडक्याने अलगद पुसलं आणि पान्यांच्या शेजारी ठेवलं. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सगळी हत्यारं उंचीप्रमाणे ओळीत होती. फक्त खिडकीच्या कट्ट्यावर चौफुलीच्या टोकाचा एक स्क्रू ड्रायव्हर तसाच पडला होता. कुंकू नाही, फूल नाही.

"मिस्त्री, हा राहिला की पूजेचा," मी म्हणाले.

"ऱ्हायला न्हाई, ठेवलाय," तो म्हणाला. बाईंकडे त्याने पाहिलं नाही. "एकतरी भाईर असावा. कुणाचं काय भिजंल, काय सांगावं."